बीई प्रोजेक्ट आणि पुढचा प्लॅन: जुलैपासून ओरलपर्यंत कधी काय करायचं

दरवर्षी मार्च उजाडला की कुणा ना कुणा ज्युनिअरचा फोन येतोच. ताई सेन्सर रीडिंगच देत नाहीये आणि गुरुवारी रिव्ह्यू आहे, किंवा ताई ॲप झालंय, वेबसाइट झालीय, फक्त हार्डवेअर राहिलंय. पोरं हुशार असतात, मेहनत पण करतात, पण कामाचा क्रम उलटा झालेला असतो आणि मार्चमध्ये तो सुलटा करायला वेळ उरलेला नसतो. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. मी नाशिकचीच, पुणे विद्यापीठाच्या पॅटर्नमध्ये शिकलेली, आता अंबडला नोकरी करते, त्यामुळे सातव्या सेमला प्रोजेक्टची स्टेज १ आणि आठव्याला स्टेज २ असं धरून सांगते. उदाहरण इलेक्ट्रॉनिक्सचं आहे कारण माझा हात त्यात बसलाय, बाकी ब्रँचवाल्यांनी सामानाचा भाग सोडून द्या, क्रम सगळ्यांना हाच लागतो.

टप्पा १: विषयाच्या आधी पुढचं ठरवा (जुलै)

हे उलटं वाटेल, पण पहिली मीटिंग विषयाची घेऊ नका. चौघांच्या ग्रुपमध्ये चौघांचे रस्ते वेगळे असतात आणि ते एकमेकांना माहीतच नसतात. एकाला गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) द्यायचीय, एकीला बाहेर एमएसला जायचंय, एकाला कॅम्पसमधून आयटीत, एकाला इथेच सातपूर-अंबड-सिन्नरला कोअरमध्ये. एक कागद घ्या, चौघांची नावं लिहा आणि प्रत्येकाच्या तारखा समोर मांडा. गेटचे फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरला निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. कॅट (एमबीएची प्रवेश परीक्षा) साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. कॅम्पस सातव्या सेमपासून सुरू. बाहेरच्या बऱ्याच युनिव्हर्सिटींच्या डेडलाइन डिसेंबर-जानेवारीत येतात आणि त्याच्या आधी परीक्षा, एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध), सरांची शिफारसपत्रं हे सगळं उरकायचं असतं.

आता याच कागदावरून कामं वाटा. गेटवाला जानेवारीत तुमच्या हाताला लागणार नाही हे जुलैतच माहीत असलं तर त्याच्याकडे ऑगस्ट ते नोव्हेंबरचं काम द्या आणि गेट झाल्यावर रिपोर्ट लिहायचं काम द्या, मग कुणाचं कुणाशी भांडण होत नाही. जी भांडणं मी पाहिली ती बहुतेक आळशीपणावरून नव्हती, न बोललेल्या तारखांवरून होती.

तपासा: घरी बोललात का? एक वर्ष ड्रॉप घेऊन अभ्यास करायचा असेल तर आईवडिलांना ते जुलैत सांगा, रिझल्ट लागल्यावर नको. पैशांचा आणि मनाचा दोन्ही हिशोब त्यांनाही लावावा लागतो.

टप्पा २: विषय असा घ्या की गाडीवर जाऊन माणसाला भेटता येईल

‘आयओटी वापरून स्मार्ट शेती’ हा विषय नव्हे. विषय म्हणजे एक प्रश्न, एका ओळीत, आणि त्यात मोजायची गोष्ट असली पाहिजे. ‘कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) ढिगाच्या मधोमध आणि कडेला आर्द्रतेत किती फरक पडतो आणि तो रोज कळला तर सड लागायच्या आधी कांदा हलवता येईल का’, हा विषय आहे. यात काय मोजायचं, कुठे मोजायचं आणि कुणाला उपयोग, तिन्ही आलं. आपल्याकडे तर असे प्रश्न पावलापावलावर आहेत, निफाड-लासलगावला कांदा, दिंडोरीला द्राक्षं, सातपूर-अंबडला मशीन शॉप. यूट्यूबवरून विषय उचलायची गरजच नाही.

पण एक गोष्ट जवळजवळ सगळे चुकतात, ती म्हणजे पीक आणि सेमिस्टर जुळवणं. आमचंच सांगते. विषय हाच होता, कांदा चाळ. ऑगस्टमध्ये ठरवला, सप्टेंबर सामान मागवण्यात गेला, ऑक्टोबर-नोव्हेंबर सबमिशन आणि परीक्षेत, आणि सर्किट चालू झालं जानेवारीत. सर्किटचा डबा घेऊन निफाड तालुक्यात ज्या काकांशी बोललो होतो त्यांच्याकडे गेलो तर चाळ रिकामी. खाली सालपटं पडलेली, एका कोपऱ्यात रिकामे क्रेट एकावर एक रचलेले आणि जाळीला चिंचोक्याएवढी गोल्टी (बारीक कांदा) अडकलेली. काका म्हणाले, पोरी, उन्हाळ कांदा दिवाळीलाच संपला की, आता जो मार्केटला चाललाय तो लाल, तो कोण चाळीत ठेवतं. आम्ही परत येऊन दोन गोण्या विकत आणल्या आणि रूमवर टेस्टिंग केलं. एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) पहिलाच प्रश्न विचारला, यात चाळ कुठंय. उत्तर नव्हतं आमच्याकडे. ते मला अजून लागतं, कारण काकांची अडचण खरी होती आणि आम्ही फक्त तीन महिने आधी एक थर्मामीटर घेऊन जरी गेलो असतो तरी चाललं असतं.

तर गणित असं आहे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतात आणि तो ऑक्टोबरच्या आसपास संपत येतो. म्हणजे खरी सड, कोंब, काजळी (काळी बुरशी) हे सगळं जुलै ते सप्टेंबरमध्ये, पावसाळी हवेत, तुमच्या स्टेज १ च्या काळात. रीडिंग तेव्हाच घ्यायला हवीत. द्राक्षांचं उलटं, ऑक्टोबर छाटणीनंतर माल जानेवारी ते एप्रिलमध्ये निघतो, म्हणजे द्राक्षाचा विषय असेल तर स्टेज १ मध्ये डबा तयार करायला वेळ मिळतो आणि स्टेज २ मध्ये बाग भरलेली असते.

तपासा: विषयाची ओळ लिहिल्यावर तिच्याखाली लिहा, ‘ही गोष्ट मला कोणत्या महिन्यात, कुठे मोजायला मिळेल’. महिना लिहिता येत नसेल तर विषय बदला.

कंपनीतला स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट घेत असाल तर महिन्याऐवजी माणूस तपासा. लेटरहेडवर परवानगीचं पत्र पहिल्या आठवड्यात घ्या आणि त्यात तुमचा विषय, कालावधी आणि शॉप फ्लोअरवर रोज भेटणाऱ्या एका माणसाचं नाव असू द्या, नुसतं एचआरचं नको. फोटो काढायला चालतील का, आकडे रिपोर्टमध्ये छापायला चालतील का, हे लेखी विचारा. एका ग्रुपचे सगळे ग्राफ कंपनीनं शेवटच्या आठवड्यात काढायला लावलेले मी पाहिलेत. आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या वाराला आहे ते विचारा, तुमच्या प्रॅक्टिकलचा वार आणि त्यांचा कामाचा वार जुळला नाही तर सहा महिन्यांत सहा वेळा पण जाणं होत नाही.

टप्पा ३: सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा प्रस्ताव) लिहायच्या आधी हाताने मोजा (ऑगस्ट)

पंधरा दिवस, काही न बनवता. बाजारात मिळणारं साधं डिजिटल तापमान-आर्द्रता मीटर घ्या, चाळीत तीन जागा ठरवा, कडेला, मधोमध आणि ढिगाच्या वर, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ रीडिंग वहीत लिहा. रोज जाणं जमत नसेल तर काकांच्या मुलाला सांगा, तो मोबाइलवर फोटो काढून पाठवेल. सोबत एक क्रेट बाजूला काढून वीसेक किलो कांदा भरा, त्यावर खूण करा आणि दर रविवारी त्यांच्याच काट्यावर वजन करा, आणि सडलेले, कोंब आलेले वेगळे मोजा. साध्या हवेशीर चाळीसाठी २५ ते ३० डिग्री आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता चांगली धरतात. पावसाळ्यात तुमचे आकडे यापासून किती लांब जातात ते या पंधरा दिवसांत डोळ्यांनी दिसतं, आणि तोच तुमच्या सिनॉप्सिसचा प्रॉब्लेम स्टेटमेंट. याला नेटवरच्या कुठल्याही परिच्छेदाची सर येत नाही.

पेपर वाचायचे तर आठ-दहाच वाचा पण पूर्ण वाचा आणि एक तक्ता करा, त्यांनी काय मोजलं, किती दिवस मोजलं, कोणत्या सेन्सरने, आणि काय राहिलं. तीस पेपरांची नुसती यादी लावलेली गाईडना लगेच कळते.

टप्पा ४: सामान मागवायच्या आधी दोन हिशोब

पहिला व्होल्टेजचा. ईएसपी३२ ही वायफाय असलेली कंट्रोलर बोर्ड ३.३ व्होल्टवर चालते आणि तिच्या पिनांना ५ व्होल्ट द्यायचे नसतात. अल्ट्रासॉनिक सेन्सर एचसी-एसआर०४ चा इको पिन ५ व्होल्ट देतो, तो थेट लावू नका, मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरचा डिव्हायडर टाका, म्हणजे साधारण ३.३ मिळतात. ‘आमचं तर थेट चालतंय’ असं सांगणारे भेटतील. चालतं काही दिवस, मग रिव्ह्यूच्या दिवशी पिन जातो.

दुसरा करंटचा. वायफाय पाठवताना ही बोर्ड क्षणभर काहीशे मिलीॲम्पिअर ओढते, एमक्यू-१३५ सारख्या गॅस सेन्सरचा हीटरच सतत दीडशेच्या आसपास घेतो. आता १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून ७८०५ रेग्युलेटर लावून ५ व्होल्ट काढले आणि अर्धा ॲम्पिअर घेतला तर १२ वजा ५ म्हणजे ७, गुणिले ०.५, साडेतीन वॅट नुसती उष्णता. हीटसिंकशिवाय बोट ठेवता येत नाही त्यावर. बक कन्व्हर्टर (कमी उष्णतेत व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल) वापरा. बोर्ड मध्येच रिसेट होते, लॅपटॉपवरच्या सिरियल मॉनिटरवर ब्राउनआउट (व्होल्टेज खाली गेल्याचा मेसेज) येतं, ते बहुतेक वेळा कोडमुळे नसतं, पातळ यूएसबी केबलमुळे किंवा कमी पडणाऱ्या सप्लायमुळे असतं, आणि पोरं तीन दिवस कोड शोधत बसतात.

डीएचटी११ हा तापमान-आर्द्रता सेन्सर स्वस्त आहे पण तापमानात दोन डिग्री आणि आर्द्रतेत पाच टक्के इकडेतिकडे होतो. तुम्हाला दोन जागांमधला तीन-चार टक्क्यांचाच फरक दाखवायचा असेल तर तो सेन्सर तुमच्या कामाचा नाही. डीएचटी२२ घ्या, आणि त्याला दोन सेकंदांच्या आत परत विचारू नका. प्रत्येक सेन्सर दोन-दोन घ्या, एक जळणार हे धरूनच चाला.

सावध: रिलेने २३० व्होल्टचा पंखा चालवणार असाल तर ते वायरिंग लॅब असिस्टंट समोर असतानाच करा. ब्रेडबोर्डवर मेन्स आणायचा नाही म्हणजे नाही.

टप्पा ५: बांधणी या क्रमाने, मध्ये उडी मारायची नाही

एक, नुसता पॉवर सप्लाय. मल्टीमीटरने व्होल्टेज बघा, लोड लावून परत बघा.

दोन, बोर्ड आणि एकच सेन्सर, रीडिंग फक्त सिरियल मॉनिटरवर. रात्रभर चालू ठेवा. सकाळपर्यंत एकदाही अडकलं नाही तर पुढे.

तीन, बाकीचे सेन्सर एकेक करून. गॅस सेन्सर असेल तर पहिल्यांदा २४ तास तापू द्या, त्याआधीची रीडिंग धरू नका. आणि ॲनालॉग सेन्सर ईएसपी३२ च्या एडीसी२ (ॲनालॉग पिनांचा दुसरा गट) च्या पिनांवर लावू नका, वायफाय चालू झालं की त्या पिना रीडिंग देत नाहीत. हा फटका दरवर्षी बसतो, कारण वायफायशिवाय टेस्ट केलं तेव्हा सगळं छान चाललेलं असतं.

चार, एसडी कार्डवर नोंद. पाच, वायफाय. सहा, डिस्प्ले. ॲप सगळ्यात शेवटी, आणि नाही झालं तरी चालेल, खरंच चालेल. कार्ड वायफायच्या आधी का, तर मळ्यात नेट जातं, लाइट जाते, आणि क्लाउडवर न पोचलेलं रीडिंग परत कुठून आणणार. दर पाच मिनिटांनी एक नोंद म्हणजे दिवसाला २८८, महिन्याला ८,६४०, एवढं कार्डाला काहीच नाही.

सगळं चाललं की झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डावर) सोल्डर करा. जंपर वायरींचा गुंता घेऊन गाडीवरून लासलगावपर्यंत गेलात तर तिथे पोचल्यावर काहीतरी सुटलेलं असणारच. कोडच्या प्रत्येक चालत्या व्हर्जनची तारीख टाकून कॉपी ठेवा, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ अशी नावं नकोत.

टप्पा ६: डब्यात घालायच्या आधी सेन्सर पारखा

हा टप्पा बहुतेक सगळे गाळतात, आणि ओरलला पहिला घाव इथेच बसतो. एक्स्टर्नल विचारतात, तुमचं रीडिंग बरोबर आहे हे कशावरून. तेव्हा हे करा. झाकणाची काचेची बरणी घ्या, तळाला साधं मीठ टाका आणि त्यात पाणी थेंबाथेंबाने घाला, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, मिठाचं पाणी व्हायला नको. एका छोट्या वाटीत ते ठेवा, सेन्सर वर टांगा, मिठाला लागू देऊ नका, वायर बाहेर काढून झाकण टेपने पक्कं बंद करा आणि रात्रभर ठेवा. अशा बरणीत घरच्या तापमानाला आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. तुमचा सेन्सर ७९ दाखवत असेल तर त्याची चूक चार टक्के, ती लिहून ठेवा. सगळे सेन्सर असे पारखा, मग शेजारी-शेजारी ठेवून एक दिवस चालवा. हा एका रात्रीचा खेळ, पण रिपोर्टमधलं हे पान सगळ्यात जास्त वाचलं जातं.

मग डबा. सेन्सर बोर्डाच्या शेजारी बंद डब्यात ठेवला तर तो चाळीचं तापमान सांगत नाही, बोर्डाचं सांगतो. आमच्याकडे दोन-तीन डिग्री जास्त येत होतं ते याच्यामुळे. सेन्सर वायरीवर बाहेर काढा, भोवती बारीक जाळी लावा कारण कांद्याची सालपटं आणि धूळ आठवड्यात त्यावर बसते.

तपासा: डबा चाळीत लावल्यावर पहिले तीन दिवस जुन्या हातमीटरने पण नोंद घ्या. दोन्ही आकडे एकमेकांजवळ नसतील तर तिथेच थांबा.

टप्पा ७: लॉगबुक आणि ब्लॅक बुक (बाइंड केलेला शेवटचा रिपोर्ट)

लॉगबुक दर आठवड्याला भरा, त्याच आठवड्यात गाईडची सही घ्या. एकाच संध्याकाळी एकाच पेनाने बारा आठवडे भरलेली वही ओळखायला कुणाला चष्मा लागत नाही. आणि त्यात फसलेलं पण लिहा. ‘१४ तारखेला सेन्सर २ बंद, कारण सोल्डर सुटलं’ ही ओळ तुम्ही स्वतः काम केल्याचा पुरावा आहे.

ब्लॅक बुक लिहायचा क्रम छापायच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवा. आधी रीडिंगचे तक्ते आणि ग्राफ, मग ते कसे मिळाले, मग सर्किट, मग निष्कर्ष, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. ग्राफच्या दोन्ही अक्षांवर एकक लिहिलंय का बघा. एआयकडून लिहून घेतलेले परिच्छेद आजकाल सर्रास दिसतात, माझं एवढंच सांगणं आहे की ज्या शब्दाचा अर्थ तुम्हाला उभं राहून सांगता येत नाही तो रिपोर्टमधून काढा, मग तो कुठूनही आलेला असो.

सावध: हार्ड बाइंडिंगला टाकायच्या आधी गाईडच्या शेवटच्या करेक्शनवर सही हवी. एप्रिल-मेमध्ये कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्यांकडे रांग लागते आणि दुसऱ्यांदा बाइंडिंग करायला ना वेळ असतो ना पैसे.

टप्पा ८: ओरल

आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच प्लगवर डेमो चालवून बघा. मोबाइलचा हॉटस्पॉट वापरणार असाल तर तो २.४ गिगाहर्ट्झवर आहे ना बघा, ईएसपी३२ ला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही आणि नवीन फोनमध्ये बऱ्याचदा तेच लागलेलं असतं. दोन मिनिटांचा चालत्या डेमोचा व्हिडिओ लॅपटॉपमध्ये असू द्या, आणि चाळीत डबा लावलेला फोटो, तारखेसकट.

प्रत्येकाने ‘मी’ म्हणून बोलायची तयारी करा. आम्ही केलं, आम्ही बनवलं, असं चौघं म्हणत राहिले की परीक्षक एकेकाला धरून विचारतात. हाच सेन्सर का, चूक किती, खर्च किती, शेतकऱ्याने याचं काय करायचं, हे चार प्रश्न येणारच. माहीत नसेल तर ‘हे आम्ही मोजलं नाही’ असं सरळ सांगा, रेटून बोलू नका.

टप्पा ९: पुढच्या प्लॅनसाठी याच कामातून काय काढायचं

रेझ्युमेवर प्रोजेक्टच्या फक्त तीन ओळी लिहा, काय मोजलं, किती दिवस, आणि त्यात तुमचं स्वतःचं काम कोणतं. ‘टीमसोबत काम केलं’ ही ओळ इंटरव्ह्यूत कुणी वाचत नाही. मी आता इंटरव्ह्यूच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पण बसते, आणि मिठाच्या बरणीबद्दल सांगणाऱ्या मुलीला आम्ही पुढचे वीस मिनिटं तेवढंच विचारत होतो.

गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे पहिल्या वर्षी एमटेक नाही केलं तरी वाया जात नाही. गेटवरून एमटेकला लागलात तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. बाहेर जाणाऱ्यांसाठी जीआरईचा स्कोअर पाच वर्षं चालतो, इंग्रजीच्या टोफेलचा दोनच वर्षं, म्हणून टोफेल घाईने देऊन ठेवू नका. इथेच राहायचं असेल आणि लगेच नोकरी लागली नाही तर एक वर्षाची ग्रॅज्युएट अप्रेंटिसशिप हा चांगला रस्ता आहे, नॅट्स या सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवा, ओझरच्या एचएएलची (विमानं बनवणारी सरकारी कंपनी) अप्रेंटिसची जाहिरात पण बघत राहा. फक्त एक लक्षात ठेवा, वर्षभर कुठे नोकरी केल्यावर त्यासाठी पात्र राहत नाही, म्हणून हा निर्णय आधी घ्यायचा.

कागदपत्रांचं काम मे महिन्यातच सुरू करा. सगळ्या सेमच्या मार्कशीट स्कॅन, प्रोव्हिजनल, दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन, बाहेर जाणार असाल तर ट्रान्सक्रिप्ट. गाईडकडून शिफारसपत्राचं आत्ताच बोलून ठेवा, सुट्टीनंतर सर दुसऱ्या बॅचमध्ये गुंततात.

सावध: कुणी जॉइनिंगसाठी पैसे मागितले तर उठून या. ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेणाऱ्या बाँडवर घरच्यांना दाखवल्याशिवाय सही करू नका.

आणि ओरल झाली म्हणून डबा कपाटात टाकू नका. मेमध्ये उन्हाळ कांदा चाळीत नुकताच भरलेला असतो. ज्या काकांकडे ऑगस्टमध्ये गेला होतात त्यांच्याकडे परत जा, नवीन बॅटरी टाका, एसडी कार्ड रिकामं करा, सेन्सर ढिगाच्या मधोमध लावा आणि काकांना सांगा की महिन्याने कार्ड न्यायला येतो. जाताना त्यांना आधीच्या रीडिंगचा ग्राफ छापून द्या, मराठीत, तारखांसकट, चाळीच्या खांबाला लावता येईल एवढा मोठा.